झाडीपट्टीतील नेत्रसेवा

पुण्यामुंबईच्या किंवा नागपूरच्या एखाद्या घरात आजोबांस मोतीबिंदू झाला, तर त्याचे आज कोणास फारसे भय वाटत नाही. वर्तमानपत्राची अक्षरे पुसट दिसू लागली, रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा डोळ्यांपुढे पसरू लागला, की मुलगा किंवा सून त्यांस नेत्रवैद्याकडे घेऊन जाते. सकाळी गेलेले आजोबा संध्याकाळच्या चहाला घरी परततात आणि काही दिवसांतच पुन्हा पोथी उघडून बसतात. घरात चर्चा होते ती कोणते भिंग बसवावे आणि विम्याचे पैसे किती मिळतील येवढीच.

आता त्याच वयाची एखादी माडिया म्हातारी भामरागडच्या अरण्यातील टोल्यावर राहते असे समजा. चैत्राच्या सुमारास पहाटे उठून मोहाची फुले वेचावयाची, वैशाखात तेंदूची पाने पारखून पुडे बांधावयाचे, पावसाळ्यात धानाच्या बांधीत उतरावयाचे, हा तिचा जन्मभराचा क्रम. दृष्टी मंदावू लागली की प्रथम तिचे पहाटेचे वेचणे थांबते. कारण मोहाची फुले अस्वलासही प्रिय असतात, आणि ते जनावर दुरून दिसले नाही तर जिवावर बेतते. मग पाने पारखणे थांबते. मग नाला ओलांडणे थांबते. अखेर ती अंगणातल्या खाटेपुरती उरते. तिचा हात धरून नेण्यासाठी एखादे नातवंड शाळा सोडून घरी राहते. आणि ‘वय झाले, आता असेच चालायचे’ असे तिलाही वाटू लागते, घरच्यांसही वाटू लागते.

रोग एकच, त्यावरचा उपायही एकच. परंतु परिणाम मात्र असे दोन. हा भेद नशिबाचा खास नव्हे. तो वाटेचा आहे, पैशाचा आहे, भाषेचा आहे आणि विश्वासाचाही आहे. चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यप्रदेशात हा भेद मिटविण्यासाठी ज्यांनी आपली विद्या विनामूल्य वेचली त्यांची, आणि त्यांच्या कार्यामागील विचाराची, ओळख वाचकांस करून द्यावी, असा आमचा या लेखात हेतू आहे.

सुईपासून भिंगापर्यंत

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर बाहेरून आलेला पडदा, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः डोळ्याच्या बाहुलीमागे जे नैसर्गिक भिंग असते, तेच वयोमानाने हळूहळू गढूळ होत जाते. खिडकीची काच धुरकट झाल्यावर बाहेरचा उजेड जसा आत येत नाही, तशातलाच हा प्रकार. म्हणूनच कोणतेही अंजन, कोणताही रस, कोणतेही थेंब त्यास दूर करू शकत नाहीत. गढूळ झालेले भिंग काढणे हाच एक उपाय.

आपल्या देशास ही गोष्ट फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. शलाकेने हे भिंग दृष्टीच्या मार्गातून बाजूस सारण्याची क्रिया सुश्रुतसंहितेत वर्णिलेली आहे. पुढे शेकडो वर्षे गावोगाव हिंडणारे वैदू ही क्रिया करीत राहिले. त्यांच्या हातून काहींस दिसू लागले आणि अनेकांचे डोळे कायमचे गेले. भिंग अजिबात बाहेर काढण्याची कला अठराव्या शतकात फ्रान्समध्ये झाक दाव्हिएल याने रूढ केली. तथापि भिंग काढल्यावर डोळ्याची शक्ती भरून काढण्यासाठी जाड चष्मा लावावा लागे. सोड्याच्या बाटलीच्या बुडासारख्या काचा लावलेल्या आजीचे छायाचित्र आमच्या अनेक वाचकांच्या घरी आजही असेल. शहरात तो चष्मा फुटला तर दुसरा मिळे. अरण्यात तो फुटला की पुन्हा आंधळेपण आलेच म्हणावयाचे.

या अडचणीवरील तोड सापडली ती महायुद्धातून. लढाऊ विमानांच्या छताच्या ठिकऱ्या काही वैमानिकांच्या डोळ्यांत शिरून तशाच राहिल्या होत्या. परंतु त्या पारदर्शक पदार्थाने डोळ्यास फारसा दाह होत नाही, हे हॅरल्ड रिडली या इंग्रज नेत्रवैद्याच्या ध्यानात आले. त्याच पदार्थाचे भिंग घडवून 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्याने ते एका रुग्णाच्या डोळ्यात बसविले. त्याच्या समव्यवसायी मंडळींनी कित्येक वर्षे या कल्पनेस विरोध केला. पुढे ती सर्वमान्य झाली, पण भिंगे परदेशातून येत आणि गरिबांच्या आवाक्याबाहेरची असत. 1992 मध्ये मदुरै येथील अरविंद नेत्रसंस्थेने ‘ऑरोलॅब’ हा आपला कारखाना काढून ती येथेच घडविण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांची किंमत फार मोठ्या प्रमाणात उतरली. आज कुशल हातांस ही शस्त्रक्रिया करावयास सुमारे पाव तास पुरतो, आणि बहुधा टाकाही घालावा लागत नाही.

असे असूनही 2015 ते 2019 या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, पन्नाशी उलटलेल्या आंधळ्या माणसांपैकी सुमारे 66 टक्क्यांच्या अंधत्वाचे कारण मोतीबिंदू हेच आढळले. ज्या रोगावर पाव तासाचा उपाय आहे, त्याच रोगाने देशातील बहुतेक वृद्ध आंधळे व्हावे, याचा अर्थ उघड आहे. उणीव विद्येची राहिलेली नाही. ती विद्या रुग्णापर्यंत पोहोचविण्याची आहे.

बोटे गेली की डोळेच हात

ज्या 1949 साली लंडनमध्ये पहिले कृत्रिम भिंग बसले, त्याच साली आपल्याकडे वरोरा येथे महारोगी सेवा समितीची स्थापना झाली. हिंगणघाटच्या सधन जमीनदार घराण्यात 26 डिसेंबर 1914 रोजी जन्मलेले मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे आपले बाबा आमटे, वरोऱ्यातील चालती वकिली सोडून या कामास लागले. 1951 मध्ये सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि 14 रुपये येवढ्या भांडवलावर, पत्नी साधनाताई व लहान मुले यांसह, त्यांनी खडकाळ माळावर आनंदवन वसविले, ही कथा महाराष्ट्रास परिचित आहे. त्या वसाहतीत डोळ्याचे मोल इतर ठिकाणांहून किती निराळे असते, हे मात्र थोड्यांच्या लक्षात आले असेल.

कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंवर घाला घालतात. हातापायांची संवेदना जाते. तापलेले भांडे उचलले तरी बोट भाजल्याचे कळत नाही, तळव्यात खिळा शिरला तरी दुखत नाही. सामान्य माणूस जे काम स्पर्शाने करतो, ते या रुग्णास डोळ्यांनी करावे लागते. भांडे उचलण्यापूर्वी त्यातून वाफ येते काय हे तो पाहतो. रोज संध्याकाळी तळवे उलटून जखम झाली आहे काय हे पाहतो. काडी पेटविताना ज्योत बोटापासून किती दूर आहे हे पाहतो. सारांश, त्याची दृष्टी हीच त्याची त्वचा होय.

आणि दैवाची क्रूरता अशी की, हाच रोग डोळ्यांसही सोडीत नाही. पापण्या मिटविणारा मज्जातंतू दुबळा झाला म्हणजे झोपेतही डोळा उघडाच राहतो. डोळ्याच्या दर्शनी भागावरील पारदर्शक पटलाची संवेदना गेली म्हणजे त्यावर पडलेला कण सलत नाही; तो तेथेच राहतो, व्रण होतो, आणि काचेसारखे स्वच्छ पटल पांढरे पडते. आतून दाह झाला तर बाहुली आकसून जाते. या सर्वांवर पुन्हा वयपरत्वे येणारा मोतीबिंदू आहेच.

इतर आंधळ्यास निदान स्पर्शाचा आधार असतो. तो नाणे बोटांनी ओळखतो, भिंत चाचपून वाट काढतो, उंच उठविलेल्या ठिपक्यांची लिपी वाचतो. ज्याची बोटेच बधिर झाली आहेत किंवा झडून गेली आहेत, त्याने काय चाचपावे? आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असे आपण सहज बोलून जातो. अशा रुग्णास एक डोळा मिळाला तर त्याबरोबर जणू त्याचे दोन्ही हात त्यास परत मिळतात.

तरीही नेत्रवैद्यकाच्या रांगेत हाच माणूस वर्षानुवर्षे सर्वांत शेवटी उभा होता. कुष्ठरोगावर 1980 नंतरच्या दशकात अनेक औषधांची एकत्र उपचारपद्धती आली. औषध सुरू होताच रुग्ण इतरांस रोग देईनासा होतो, आणि पुढे तो पूर्ण बराही होतो. 2005 च्या अखेरीस, दर दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण उरल्याने, देशाने या रोगाचे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न या अर्थाने निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. तथापि या दोन जिल्ह्यांत नवे रुग्ण आजही सापडतात. आणि जे जुने रुग्ण बरे झाले, त्यांचे मेलेले मज्जातंतू काही परत येत नाहीत. लोकांच्या मनातील भीतीही औषधाने जात नाही. म्हणून या माणसांच्या डोळ्यांवर शस्त्र धरण्यास जो पुढे येईल, त्याच्यापाशी नुसते कौशल्य असून भागत नाही.

मुंबईचे पथक

असे पुढे आलेले नेत्रवैद्य म्हणजे डॉ. तात्याराव लहाने. आजच्या लातूर जिल्ह्यातील माकेगाव या खेड्यात 1957 साली एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या सर जे. जे. रुग्णालयाच्या नेत्रविभागाचे ते प्रमुख झाले आणि पुढे त्याच रुग्णालयाशी संलग्न असलेल्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता झाले. मोतीबिंदूच्या लाखाहून अधिक शस्त्रक्रिया त्यांच्या हातून झाल्या, आणि 2008 मध्ये सरकारने त्यांस पद्मश्री देऊन गौरविले. या सर्वांपेक्षा आम्हांस अधिक बोलकी वाटते ती त्यांच्या आयुष्यातील एक घरगुती घटना. 1995 मध्ये त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असता त्यांच्या मातेने आपले एक मूत्रपिंड त्यांस दिले. दुसऱ्याच्या देहाच्या दानावर आपण जगत आहो ही जाणीव ज्यास नित्य असते, तो विश्रांतीचा हक्क सांगेल तर त्यास कोणी दोष देणार नाही. डॉ. लहाने यांनी मात्र त्यानंतर अधिक काम अंगावर घेतले.

डॉ. रागिणी पारेख आणि इतर सहकारी यांस घेऊन त्यांनी आनंदवनात नेत्रशिबिरे घेतली, आणि कुष्ठमुक्त रुग्णांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया केल्या. हे काम किती नाजूक आहे याची कल्पना वाचकांनी करावी. ज्याच्या पापण्या मिटत नाहीत, त्याच्या डोळ्यात शस्त्रक्रियेनंतर धूळ जाण्याचे भय दुप्पट. ज्याची बाहुली आकसलेली आहे, त्याचे भिंग त्या लहानशा छिद्रातून काढणे कठीण. ज्याचे पटल बधिर आहे, त्यास डोळ्यात काही बिघडले तरी ठणका लागणार नाही, म्हणून तो तक्रारही करणार नाही. त्याच्यासाठी दुसऱ्या कोणी तरी रोज डोळा पाहावा लागतो.

शिबिर म्हटले म्हणजे शस्त्रक्रियेच्या टेबलाचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु शस्त्रक्रिया हा त्यातील सर्वांत लहान भाग असतो. आधी प्रत्येकाचा डोळा तपासावयाचा. दृष्टी मोतीबिंदूमुळेच गेली आहे की मागील पडद्याच्या विकाराने, हे ठरवावयाचे. रक्तदाब व साखर पाहावयाची. डोळ्याचे माप घेऊन कोणत्या क्रमांकाचे भिंग बसवावयाचे ते काढावयाचे. मग डोळा बधिर करून, सूक्ष्मदर्शकाखाली, तो पाव तास. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटते. आणि तेव्हापासून चार-सहा आठवडे दिवसातून अनेकदा थेंब घालावयाचे असतात.

हे थेंब कोणी घालावयाचे? आपल्या घरी सून घालते, नात घालते. ज्यास बोटे नाहीत त्यास ती चिमुकली बाटली उघडताही येत नाही, मग दाबणे दूरच. आनंदवनासारख्या वसाहतीचा खरा उपयोग येथे दिसतो. ज्याची बोटे शाबूत आहेत असा शेजारी तेथे असतो. बाहेरून आलेला वैद्य आपले काम करून परतीच्या गाडीत बसतो, आणि तेथून पुढची सेवा या शेजारधर्मावर चालते. बाहेरच्या माणसाचे कौशल्य आणि आतल्या माणसाची रोजची काळजी ही दोन्ही एकत्र आली तरच डोळा वाचतो. या लेखात आम्हांस मुख्यत्वे सांगावयाचे आहे ते हेच.

हेमलकशाचा धडा

याच विचाराचा दाखला अरण्यात आणखी आत गेल्यास मिळतो. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरापासून वेगळा झाला. त्याची दोन तृतीयांशाहून अधिक भूमी वनाने व्यापलेली आहे. जिल्ह्याच्या गावापासून भामरागड दीडशे किलोमीटरांहून दूर. तेथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांचा संगम होतो, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडचा जगाशी संबंध तुटतो.

या भागात, हेमलकसा येथे, 23 डिसेंबर 1973 रोजी बाबांनी लोकबिरादरी प्रकल्पास आरंभ केला. आणि त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश व स्नुषा डॉ. मंदाकिनी यांनी तेथे संसार थाटला. डॉ. प्रकाश नागपुरास शल्यशास्त्राचे उच्च शिक्षण घेत होते, ते सोडून आले, डॉ. मंदाकिनी यांनी भूल देण्याच्या शास्त्रात उच्च शिक्षण घेतले होते. वीज नाही, रस्ता नाही, आणि ज्यांची सेवा करावयाची त्यांची भाषा ठाऊक नाही, अशा स्थितीत त्यांनी प्रथम माडिया भाषा शिकून घेतली. आजारी माणसास गावच्या पुजाऱ्याकडे नेण्याची ज्या लोकांची परंपरा, त्यांनी परक्याच्या हाती आपला देह एकदम का द्यावा? एकेक रुग्ण बरा होऊन घरी गेला, त्याने चार गावांत सांगितले, आणि मग माणसे अनेक कोस चालत येऊ लागली. आज तेथे दरवर्षी हजारो रुग्ण येतात, शेजारच्या राज्यांच्या सीमेपलीकडूनही येतात. 2008 मध्ये या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आता पुढची पिढीही त्याच कामात आहे, आणि बाहेरगावचे शल्यवैद्य आपली रजा खर्चून तेथील शिबिरांस येतात.

गडचिरोलीजवळ डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ या आपल्या संस्थेमार्फत 1986 पासून जे कार्य चालविले आहे, तेथेही हीच गोष्ट दिसून येते. मोठ्या इमारतीच्या, पांढऱ्या भिंतींच्या दवाखान्याची गोंड लोकांस भीती वाटते हे ध्यानी घेऊन त्यांनी आपले रुग्णालय खेड्यातल्या घरांसारखे बांधले आणि त्यास दंतेश्वरी या त्यांच्या देवीचे नाव दिले. तेथेही बाहेरचे निष्णात वैद्य शस्त्रक्रियांसाठी येत असतात.

पाहुणा वैद्य दोन दिवसांत जे करू शकतो, त्यामागे यजमानांनी अनेक वर्षे मिळविलेला विश्वास असतो. ज्या म्हातारीस आपल्या डोळ्यास कोणी हात लावू नये असे वाटते, ती पाहुण्याच्या पदव्या पाहून टेबलावर झोपत नाही. तिच्या भाषेत बोलणारा ओळखीचा माणूस तिच्या उशाशी उभा असतो, म्हणून ती झोपते.

सद्भावनेची कसोटी

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. कारण सेवेच्या नावाखाली घडलेले सर्वच काही हितकारक झाले असे नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून आपल्या देशात नेत्रशिबिरांची मोठी लाट आली. कर्नाटकातील डॉ. एम. सी. मोदी यांनी गावोगाव हिंडून लक्षावधी शस्त्रक्रिया केल्या. 1968 मध्ये तिरुपती येथे त्यांनी एका दिवसात 833 मोतीबिंदू काढल्याची नोंद आहे. त्या काळी खेड्यात दुसरा वैद्यच नव्हता, आणि अशा पुरुषांनी असंख्यांस दृष्टी दिली यात संशय नाही. परंतु शाळेच्या खोल्यांत, धर्मशाळांत, तंबूंत शस्त्रक्रिया करण्याची जी प्रथा पडली, तिच्या पोटी धोकाही होता. 21 एप्रिल 1986 रोजी उत्तर प्रदेशातील खुर्जा येथे एका सेवाभावी मंडळाने भरविलेल्या शिबिरात 108 जणांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी 88 मोतीबिंदूच्या होत्या. डोळे धुण्यासाठी वापरलेले मिठाचे पाणी दूषित होते, आणि 84 जणांचा शस्त्रक्रिया केलेला डोळा कायमचा गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले व 1989 मध्ये त्याचा निकाल लागला. बोलावणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता, वैद्यही शिकलेले होते. पण जो माणूस अंधुक पाहत आला होता, तो पूर्ण आंधळा होऊन परतला.

या अनुभवातून देशाने पद्धत बदलली. आता खेड्यात होते ती तपासणी. शस्त्रक्रिया सुसज्ज रुग्णालयाच्या निर्जंतुक दालनातच व्हावी असा दंडक आहे. 1976 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया भिंगासह विनामूल्य होते. त्याच 1976 साली मदुरै येथे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी 11 खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय उघडले होते. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झालेली होती. त्याच बोटांत शस्त्र धरावयास ते नव्याने शिकले होते. ज्यास परवडते त्याने पैसे द्यावे आणि त्यातून न परवडणाऱ्याचा खर्च निघावा, खेड्यात तपासून रुग्णास गाडीने रुग्णालयात आणावे आणि परत पोहोचवावे, ही त्यांची रीत जगभर अभ्यासिली गेली. नेपाळात डॉ. सन्दुक रुईत यांनी 1994 मध्ये काठमांडूस तिलगंगा नेत्रसंस्था उभारली व डोंगराळ मुलखात हेच कार्य केले. दरिद्री म्हणून ज्या देशांस नावे ठेविली जातात, त्यांतूनच जगास शिकण्यासारखी ही पद्धत निघाली, याचा आपणांस योग्य अभिमान वाटावा.

म्हणून ‘अमुक इतक्या शस्त्रक्रिया पार पडल्या’ अशी बातमी वाचून आपण संतुष्ट होऊ नये. शस्त्रक्रिया कोठे झाल्या, पट्टी कोणी सोडली, महिन्यानंतर त्या माणसास किती दिसते हे कोणी जाऊन पाहिले, हे तीन प्रश्न देणगीदाराने अवश्य विचारावे. जी संस्था खरे काम करते, तिला या प्रश्नांचा राग येत नाही.

सुशिक्षित घरांचे कर्तव्य

आम्ही काही नेत्रवैद्य नाही, मग आम्ही काय करावे, असे आमचे वाचक व वाचकभगिनी विचारतील. करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यास अरण्यातच जावे लागते असेही नाही.

पहिले काम घरातलेच. स्वयंपाकास, धुण्याभांड्यास येणाऱ्या बाईंची आई, इमारतीच्या रखवालदाराचे वडील, गावाकडील जमिनीवर राबणारा वृद्ध कुळवाडी, यांपैकी कोणास अंधुक दिसते काय, याची आपण कधी चौकशी केली आहे काय? सरकारी रुग्णालयात उपचार विनामूल्य असतो. पण सोबत जाणाऱ्याची एका दिवसाची मजुरी बुडते, आणि कागद कोणत्या खिडकीवर द्यावयाचा हे ठाऊक नसते. येवढ्या दोन कारणांसाठी माणूस वर्षानुवर्षे अंधारात बसून राहतो. ज्यास वाचता येते आणि ज्यापाशी एक सकाळ मोकळी आहे, तो या दोन्ही अडचणी दूर करू शकतो.

दुसरे काम निवृत्त मंडळींचे. आनंदवन, हेमलकसा यांसारख्या ठिकाणी, अथवा जवळच्या एखाद्या विश्वासू नेत्ररुग्णालयात, लागतात ते सर्वच हात वैद्यांचे नसतात. नावे लिहून घेणे, थेंबांच्या वेळा समजावून सांगणे, महिन्यानंतर फेरतपासणीस बोलावणे, हिशेब ठेवणे, यांत ज्यांचा जन्म गेला अशी माणसे आपल्या घराघरांत बसलेली आहेत. मात्र जावयाचे असेल तर आधी विचारून, तेथील शिस्त पाळून आणि तेथील माणसांचे ऐकून जावे. सेवा ही सहल नव्हे.

तिसरे काम नेत्रदानाचे. धानाचे कूस लागून किंवा जखम चिघळून ज्यांच्या डोळ्याचे दर्शनी पटल पांढरे पडते, त्यांपैकी अनेकांस दुसऱ्याचे पटल बसविल्याने दृष्टी मिळू शकते. असे पहिले यशस्वी रोपण 1905 मध्ये एडुआर्ड त्सिर्म याने केले. दात्याच्या मृत्यूनंतर सहा तासांच्या आत ही क्रिया व्हावी लागते. पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोके उशीवर किंचित उंच ठेवावे आणि नेत्रपेढीस तत्काळ कळवावे, येवढेच घरच्यांचे काम. चष्मा असला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली, तरी दान करता येते, आणि मुद्रा विद्रूप होत नाही. डोळे दिले तर पुढील जन्मी आंधळे व्हावे लागते, ही भीती अजून काही घरांत ऐकू येते. ज्या धर्मात दधीचीने अस्थी दिल्या त्याची थोरवी आपण मुलांस सांगतो, त्याच धर्माच्या नावाने दोन डोळे चितेवर जाळून टाकावे, हे आमच्या बुद्धीस पटत नाही. हा निर्णय दुःखाच्या घटकेवर न सोडता कुटुंबातील सर्वांनी आधीच बोलून ठेवावा.

झाडीपट्टीतील या कार्याचे स्वरूप पाहता एक गोष्ट आमच्या मनावर ठसली आहे. आंधळ्यास पाहावयास लावणारे शस्त्र आता जुने झाले, स्वस्त झाले, सर्वांच्या परिचयाचे झाले. त्या शस्त्रापासून रुग्णाच्या खाटेपर्यंतची वाट मात्र अजून माणसांनीच चालावयाची आहे. आणि ती चालण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही.